खोटी भट्टी, खरा ऑपरेटर

गाडी शिकायची तर आमच्या रामवाडीत, म्हणजे पेणजवळ, पहाटे लवकर उठून रिकामा रस्ता गाठता येतो. गाडी बंद पडली तर मागचा फार तर हॉर्न वाजवेल. पण अणुभट्टी चालवायला शिकणाऱ्याने रिकामा रस्ता कुठून आणायचा? कूलंटचा पाइप फुटल्यावर काय करायचं, हे शिकवायला कुणी खरा पाइप फोडणार आहे का?

म्हणून सिम्युलेटर! पालघर जिल्ह्यात तारापूरला ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या. त्यांच्या ऑपरेटर्ससाठी ट्रॉम्बेच्या बीएआरसीने ट्रेनिंग सिम्युलेटर तयार केला. अशा सिम्युलेटरमध्ये कंट्रोल रूम हुबेहूब असते: तीच पॅनेल्स, तेच स्विच, तेच अलार्म. फक्त भिंतीपलीकडे भट्टीऐवजी कॉम्प्युटर! इन्स्ट्रक्टर एक क्लिक करून पंप बंद पाडतो आणि समोरच्याची धावपळ बघत बसतो.

खरी गंमत आहे ती 'रिअल-टाइम' या शब्दात. रिअल-टाइम म्हणजे नुसतं फास्ट नव्हे. भट्टीतला एक सेकंद सिम्युलेटरमध्येही एकच सेकंद हवा. तेवढ्यात न्यूट्रॉन, उष्णता, पाणी, वाफ, टर्बाइन यांची समीकरणं पुन्हा पुन्हा सोडवायची. उत्तर बरोबर आलं पण उशिरा आलं, तर ते चूकच!

वेळेला एवढं महत्त्व का? हेवी वॉटरची भट्टी ट्रिप झाली की तिच्यात झेनॉन-१३५ वाढतो आणि तो न्यूट्रॉन गिळत सुटतो. साधारण अर्ध्या तासात भट्टी परत चालू झाली नाही, तर जवळजवळ दीड दिवस वाट बघायची. हा अर्धा तास पुस्तक वाचून अंगात भिनत नाही.

पण सिम्युलेटरवर डोळे मिटून विश्वास ठेवावा का? २८ मार्च १९७९ ला अमेरिकेत थ्री माइल आयलंडला एक रिलीफ व्हॉल्व्ह उघडाच अडकला. पाणी बाहेर जात होतं, दाब उतरत होता, पण प्रेशरायझरमधली पातळी मात्र चढताना दिसत होती. पातळी फार चढू द्यायची नाही, असं ऑपरेटर्सना शिकवलेलं. त्यांनी आपत्कालीन पाणी कमी केलं आणि गाभ्याचा जवळजवळ निम्मा भाग वितळला. पुढे चौकशीत काय निघालं? दाब उतरतोय आणि पातळी चढतेय, ही स्थिती त्यांच्या ट्रेनिंगच्या सिम्युलेटरला दाखवताच येत नव्हती!

म्हणजे सिम्युलेटर तेवढंच शिकवतो, जेवढं मॉडेल लिहिणाऱ्याने त्यात घातलंय. उद्या आपल्यापैकीच कुणी अशी मॉडेल्स लिहील. तेव्हा एखादी टर्म 'निग्लिजिबल' म्हणून खोडण्याआधी जरा थांबा. जर्नलमध्ये फार तर दोन मार्क जातात. तिथे मात्र त्या टर्मच्या भरवशावर कुणीतरी खऱ्या पॅनेलसमोर बसलेलं असेल.