जंतांवरील लस आणि मेंढीची स्वतःची ढाल

पावसाळा सुरू होताच जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील माळरानांवर हिरवळ पसरते आणि त्याच हिरवळीतून शेळ्या-मेंढ्यांच्या पोटात जंतांचा शिरकाव होतो. पीपीआर, आंत्रविषार या रोगांवर लस मिळते. मग जंतांवर का नाही, हा प्रश्न साहजिक आहे.

यातील सर्वांत घातक जंत म्हणजे ‘हिमॉन्कस कंटॉर्टस’. जठराच्या चौथ्या कप्प्यात राहून तो रक्त शोषतो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. म्हणजे हजार जंत असल्यास रोज ५० मिलिलिटर रक्त जाते. जनावराच्या पापण्या आतून पांढुरक्या पडतात, जबड्याखाली सूज येते आणि कोकरे दगावतात.

विषाणूच्या तुलनेत जंत हा फार गुंतागुंतीचा जीव आहे. त्याच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती जनावरात सावकाश निर्माण होते आणि विण्याच्या सुमारास ती क्षीणही होते. स्कॉटलंडमधील मोरडन संशोधन संस्थेने यावर वेगळी वाट शोधली. जंताच्या आतड्यातील प्रथिने लस म्हणून टोचली, की मेंढीच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. रक्त पिताना तीच जंताच्या पोटात जातात आणि त्याचे पचन बिघडवतात. ‘बार्बरव्हॅक्स’ ही लस २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात बाजारात आली. मात्र तिचा प्रभाव टिकविण्यासाठी प्रारंभीच्या मात्रांनंतर दर सहा आठवड्यांनी टोचणी द्यावी लागते. शिवाय तिच्यासाठी लागणारे जंत मेंढ्यांच्याच पोटातून मिळवावे लागतात. सतत भटकंती करणाऱ्या कळपांसाठी हे वेळापत्रक पाळणे अवघडच.

दुसरा मार्ग जातिवंत प्रतिकारशक्तीचा आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी मेंढ्यांचा बंगालच्या गारोळ जातीशी संकर करून जंतप्रतिकाराचा अभ्यास केला. गारोळ संकरित कोकरांच्या लेंड्यांत जंतांची अंडी तुलनेने कमी आढळली.

तोवर जंतनाशके जपून वापरणे अत्यावश्यक आहे. संपूर्ण कळपाला वारंवार एकच औषध पाजल्यास औषधाला दाद न देणारे जंतच शिल्लक राहतात आणि वाढतात. त्यापेक्षा पापण्यांचा रंग आणि लेंड्यांची तपासणी पाहून, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, गरजू जनावरांनाच औषध द्यावे. लस येईल तेव्हा येईल. पण हाती असलेली औषधे निष्प्रभ झाली, तर मेंढपाळापाशी उपायच उरणार नाही.