पडशावरील घरगुती उपचार

पडसे किंवा सर्दी हा नाक व घसा यांचा विषाणुजन्य संसर्ग आहे. दोनशेहून अधिक विषाणू त्यास कारणीभूत ठरतात. त्यांत ऱ्हायनोव्हायरस प्रमुख होत. फ्लू हा इन्फ्लुएन्झा विषाणूंमुळे होणारा निराळा व अधिक तीव्र आजार आहे.

उपचार
आले, तुळस, गवती चहा व मिरी यांचा काढा, हळद घातलेले गरम दूध आणि मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या हे उपचार महाराष्ट्रात परंपरेने केले जातात. त्यांनी विषाणू नष्ट होत नाहीत. घशाला आराम मिळतो आणि पेयांमुळे शरीरातील पाणी टिकून राहते. पडसे बहुधा ७ ते १० दिवसांत आपोआप बरे होते. प्रतिजैविके विषाणूंवर निरुपयोगी असतात.

दक्षता
मधाने खोकला शमतो. तथापि एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बालकास बोट्युलिझम हा स्नायू दुर्बल करणारा गंभीर आजार होऊ शकतो. वाफारा घेताना भांडे कलंडून भाजण्याचा धोका असल्याने लहान मुलांना तो देणे टाळावे.

धाप लागणे, छातीत दुखणे किंवा ताप न उतरणे ही लक्षणे दिसल्यास घरगुती उपचारांवर विसंबून न राहता वैद्यकीय सल्ला घ्यावा. २००९ साली स्वाइन फ्लूने झालेला भारतातील पहिला मृत्यू पुण्यात नोंदवला गेला.

प्रतिबंध
साबणाने किमान २० सेकंद हात धुणे, खोकताना तोंडावर रुमाल धरणे, पुरेशी झोप घेणे आणि फ्लूची लस दरवर्षी घेणे हे प्रतिबंधाचे मुख्य उपाय होत.