बाइकचे वायरिंग नव्याने बांधताय? माहुलच्या टँकरकडून हे शिका!

माहुलमध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यांमुळे इंधनाच्या टँकरची ये-जा सुरूच असते. ठिणगी पडली तर काय होईल, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही. बाइकची पेट्रोलची टाकीही वायरिंगच्या अगदी वरच असते. म्हणून जुनी बाइक नव्याने उभी करताना किंवा जादा दिवे लावताना टँकरचेच नियम कामी येतात.

टँकरसाठी नियम काय?
पेट्रोलियम नियम, २००२ नुसार वायरचे इन्सुलेशन मजबूत हवे, ती कमाल करंट पेलणारी हवी आणि धक्क्यापासून व सांडलेल्या इंधनापासून सुरक्षित हवी. फ्यूज किंवा सर्किट ब्रेकर आणि बॅटरी तोडणारा स्विचही हवा.

सुरुवात कुठून करावी?
कागदावरून. दिवे, हॉर्न, इग्निशन यांचे वॅट लिहा. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. १२ व्होल्टवर ६० वॅटचा हेडलाइट ५ अँपिअर घेतो; ५५ वॅटचे दोन जादा दिवे मिळून ९ हून जास्त. एवढा करंट हँडलवरच्या नाजूक स्विचमधून नेऊ नये, रिले लावावा. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असेपर्यंत जळतच राहतो. तो भार कायम धरावा.

फ्यूज नेमका कोणाला वाचवतो?
दिव्याला नव्हे, वायरला. म्हणून त्याची क्षमता वायरपेक्षा कमी हवी आणि जागा बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळ. बॅटरी ते फ्यूज हा तुकडा असुरक्षितच राहतो. लाल १० अँपिअरचा फ्यूज वारंवार उडतो म्हणून हिरवा ३० चा टाकला, तर फ्यूजआधी वायर जळेल.

जोड कसे द्यावेत?
वायर पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे चुकीचे. खाडीच्या खाऱ्या, दमट हवेत तांबे हिरवे पडते आणि जोड तापू लागतो. लग दाबून बसवा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. सोल्डर संपतो तिथे वायर कडक होते आणि बाइकच्या थरथरीने तुटू शकते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळेल इतकी ढील ठेवा. अर्थिंगच्या जागेचा रंग खरवडायला विसरू नका.

बॅटरी कधी जोडावी?
सर्वांत शेवटी. आधी मल्टिमीटरने प्रत्येक सर्किट तपासा. मग कमी अँपिअरचा फ्यूज घालून एकेक स्विच सुरू करा. चूक असेल तर फ्यूज जाईल, बाइक वाचेल.