अनोळखी शहर आणि भुयारी आगगाडी

गोंदियाच्या स्थानकाजवळ वाढलेल्या मुलास आगगाडीचें नवल तें काय? ज्याच्या घराची खिडकी रात्रीं मालगाडीबरोबर थरथरते, त्याला आगगाडीनें प्रवास कसा करावा हें सांगावयास जाणें म्हणजे ढिवराच्या पोरास पोहावयास शिकविण्यासारखेंच होय. तरीहि २०२५ च्या डिसेंबरांत मुंबईस जमिनीच्या पोटांतून धांवणाऱ्या गाडीनें आमची जी फजिती केली, तिच्यावरून हा विषय आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावा असें मनांत आलें. आमच्या शाळेंतून बाहेर पडणारीं मुलें आतां नागपुरास, पुण्यास, मुंबईस शिकावयास जातात. एखादें विलायतेसहि जातें. तेथें पहिल्या दोन-चार दिवसांतच त्यांची गांठ अशा गाडीशीं पडते.

योगायोग असा कीं, आपलें गोंदिया ज्या मुंबई-हावडा लोहमार्गावर वसलें आहे, त्याच्या दोन्ही टोकांस आज भुयारी रेल्वे आहे. हावड्याच्या बाजूस ती मार्च २०२४ पासून हुगळी नदीच्या पात्राखालून कलकत्त्यांत जाते. कलकत्ता या कामीं जुनेंच. भारतांतील पहिली भुयारी गाडी तेथेंच २४ ऑक्टोबर १९८४ रोजीं धांवली. मुंबईच्या बाजूस छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसच्या शेजारीं ती ९ ऑक्टोबर २०२५ पासून मिळूं लागली. तेव्हां गोंदियाहून पूर्वेस जा कीं पश्चिमेस जा, गाडी संपते तेथें जमिनीखालीं जाणारा जिना आहेच.

आतां ती फजिती सांगतों. आमच्या एका विद्यार्थ्यास शिष्यवृत्तीच्या मुलाखतीसाठीं मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलांत बोलावणें आलें. मुलगा आमगांवाकडील धानाच्या शेतकऱ्याचा. बापानें मुंबई कधीं पाहिली नव्हती. "गुरुजी, तुम्ही संगं चाला," असें ते म्हणाले आणि आम्ही निघालों. दुपारीं गोंदियास विदर्भ एक्सप्रेसमध्यें बसलों, सकाळीं मुंबईस उतरलों. मुलाखत साडेदहास होती. हातपाय धुऊन, चहा घेऊन, जरा ऐसपैसच वेळ काढून आम्ही जिना उतरलों. "बाप्पा, हे तं जमिनीच्या पोटातच नेऊन रायले आपल्याले!" असें म्हणून मुलाच्या वडिलांनीं कठडा घट्ट धरला. आम्हीं पूर्वीं नागपूरची मेट्रो वापरलेली. त्या बळावर पुढारपण आमच्याकडे. जी गाडी आधीं आली तींत आम्ही शिरलों, पाठोपाठ ते दोघे. दारें मिटलीं. लगेच पुढील स्थानकाचें नांव पुकारलें गेलें, तें 'हुतात्मा चौक'! वांद्रें उत्तरेस, हुतात्मा चौक दक्षिणेस. आम्ही नेमके उलटे चाललों होतों.

मुलगा खालीं मान घालून म्हणाला, "सर, गाडीवर कफ परेड असं लिहिलेलं होतं. मला शंका आली होती. पण आपण पुढं होता, म्हणून बोललो नाही."

या वाक्यानें आम्हांस जितकें ओशाळें केलें तितकें उलट्या प्रवासानेंहि केलें नाहीं. आम्ही वर्गांत मुलांस गप्प बसावयास पुष्कळ शिकवितों. असो. हुतात्मा चौकास उतरून उलट गाडी धरली, त्यांत दहा मिनिटें गेलीं.

ही चूक कां होते, हें समजून घेण्यासारखें आहे. जमिनीवर मनुष्य दिशा नकळत ओळखीत असतो. सूर्य कोठें आहे, राईस मिलचें धुराडें डाव्या हातास आहे कीं उजव्या, बाजाराचा गलबला कोणीकडून येतो, अशा शंभर खुणांवर त्याचें मन दिशा बांधीत असतें. जिन्याचीं दोन वळणें उतरतांच या सर्व खुणा वर राहतात. तिसऱ्या वळणावर डोक्यांतील उत्तर दिशा फिरून गेलेली असते आणि त्याचा आपणांस पत्ताहि नसतो. उलट आपली दिशा बरोबर आहे अशी पक्की खात्री असते. आमची होती.

म्हणून भुयारांत दिशा विचारूं नये; शेवटचें स्थानक विचारावें. ही गोष्ट नवीन नाहीं. गोंदियाच्या पलाटावर कोणी 'उत्तरेची गाडी' किंवा 'दक्षिणेची गाडी' म्हणतो काय? आपण बालाघाटची गाडी, बल्लारशाहची गाडी, डोंगरगडची गाडी असेंच म्हणतों. भुयारांत हेंच करावयाचें. मुंबईच्या या मार्गाचीं टोकें दोन : दक्षिणेस कफ परेड आणि उत्तरेस आरे. लांबी साडेतेहतीस किलोमीटर, स्थानकें २७, त्यांपैकीं २६ जमिनीखालीं. आपल्याला कोठेंहि जावयाचें असो, घरून निघतांना दोन नांवें कागदावर लिहून घ्यावीं : आपलें स्थानक, आणि त्याच्या पलीकडचें टोंक. आम्हीं पहिलें लिहिलें होतें, दुसरें लिहिलें नव्हतें.

पॅरिस शहरांत १९०० सालापासून भुयारी गाडी आहे आणि तेथील सर्व व्यवस्था याच एका तत्त्वावर चालते. प्रत्येक मार्गास एक अंक, एक रंग आणि दोन टोकांचीं दोन नांवें. फलकावर शेवटच्या स्थानकाचें नांव वाचावें आणि बाणाप्रमाणें चालूं लागावें. फ्रेंच भाषेचें अक्षर न जाणणारा परका मनुष्यहि तेवढ्या दोन नांवांच्या आधारानें शहरभर हिंडूं शकतो. लंडनची रीत थोडी निराळी. तेथें पलाटांवर 'उत्तरेकडे', 'पूर्वेकडे' असें लिहिलेलें पुष्कळदां आढळतें, आणि एकाच पलाटावर एकामागून एक येणाऱ्या गाड्या पुढें निरनिराळ्या फांट्यांवर जातात. तेव्हां तेथें पलाट बरोबर सांपडलें म्हणून निश्चिंत होऊं नये. समोर आलेल्या गाडीच्या कपाळावरचें नांव वाचावें. मॉस्कोची युक्ति आम्हांस फार आवडली. तेथें शहराच्या मध्याकडे जाणाऱ्या गाडींत स्थानकांचीं नांवें पुरुषाच्या आवाजांत ऐकूं येतात, आणि मध्यापासून दूर जाणाऱ्या गाडींत स्त्रीच्या. अंध मनुष्यासहि आपली चूक पुढील स्थानकाच्या आंत कळते.

लंडनची भुयारी रेल्वे जगांत पहिली. १० जानेवारी १८६३ रोजीं पॅडिंग्टनपासून फॅरिंग्डनपर्यंत ती सुरू झाली. आपल्या बोरीबंदर-ठाणें गाडीनंतर दहाच वर्षांनीं. तेव्हां विजेचीं इंजिनें नव्हतीं. भुयारांतहि वाफेचेंच इंजिन धांवत असे. दरेकसा व बोरतलाव यांमधील बोगद्यांतून डोंगरगडास गेलेल्यांनीं मनाशीं कल्पना करावी कीं, तो बोगदा मैलोगणती लांब आहे व त्यांत कोळशाचा धूर कोंडला आहे. १८९० सालीं विजेची गाडी खोल भुयारांतून जाऊं लागली आणि मग ही सोय युरोपभर पसरली. बुडापेस्टनें १८९६ त, बर्लिननें १९०२ त आपापल्या गाड्या सुरू केल्या.

आतां नकाशाविषयीं. परक्या मनुष्यास हा नकाशा जितका तारतो तितकाच फसवितो. लंडनचे जुने नकाशे शहराच्या खऱ्या मापानें काढलेले असत. त्यामुळें मध्यभागीं स्थानकांची दाटी होऊन नांवें वाचतां येत नसत. हॅरी बेक नांवाच्या एका आरेखकानें १९३१ सालीं निराळा विचार केला. जमिनीखालीं असलेल्या माणसास वरचे रस्ते दिसतच नाहींत. मग त्याला अंतराशीं काय कर्तव्य? त्याला पाहिजे क्रम, आणि गाडी कोठें बदलावयाची तें ठिकाण. बेकनें विजेच्या जोडणीच्या आकृतीप्रमाणें सर्व मार्ग सरळ, आडव्या, उभ्या व तिरप्या रेषांनीं काढले, स्थानकें सारख्या अंतरावर मांडलीं, आणि वरच्या जगापैकीं फक्त थेम्स नदी ठेविली. अधिकाऱ्यांनीं तो नकाशा प्रथम नाकारला. १९३३ त छापला, तेव्हां लोकांनीं तो उचलून धरला. आज जगांतील बहुतेक शहरांचे असे नकाशे याच वळणाचे असतात.

पण जें खरें अंतर सोडून दिलें, त्याचा भुर्दंड प्रवाशास बसतो. लंडनमध्यें लेस्टर स्क्वेअर व कॉव्हेंट गार्डन हीं दोन स्थानकें एकमेकांपासून तीनशें मीटरांहूनहि जवळ आहेत. नकाशावर मात्र तीं इतरांसारखींच दूर दिसतात, म्हणून परके लोक जिने उतरून, गाडीची वाट पाहून, पुन्हां वर चढून तेवढें अंतर तोडतात. पायीं जाणारा त्यांच्या आधीं पोंचतो. म्हणून दोन नकाशे पाहावे : गाडीचा क्रम कळण्यास एक, आणि वर आल्यावर चालण्यास शहराचा खरा दुसरा. ते घरीं असतांनाच दूरध्वनींत उतरवून ठेवावे. भुयारांत संदेशवहन मिळेलच अशा भरंवशावर राहूं नये. नांवेंहि नीट पाहावीं. मुंबई सेंट्रलपाशीं उतरावयाचें असेल तर भुयारी मार्गावर 'जगन्नाथ शंकरशेट' हें नांव शोधावें लागतें. मुंबईस १८५३ सालीं आगगाडी आणण्याच्या खटपटींत ज्यांचा पुढाकार होता, त्यांचें नांव भुयारांतील स्थानकास मिळालें हें आम्हांस योग्य वाटलें. परंतु तें ठाऊक नसलेला प्रवासी सेंट्रल, सेंट्रल म्हणत पुढें निघून जावयाचा.

आमची दुसरी चूक वर येतांना झाली. वांद्रे-कुर्ला संकुलाचें स्थानक आलें, उतरलों, आणि जो जिना जवळ दिसला तो चढलों. भुयारी स्थानक हें एका दाराचें घर नव्हे. तें रस्त्याखालीं लांबच लांब पसरलेलें असतें व त्याचीं तोंडें रस्त्याच्या दोन्ही अंगांस, निरनिराळ्या चौकांत उघडतात. त्यांस अंक किंवा अक्षरें दिलेलीं असतात. चुकीच्या तोंडानें वर आलें तर रुंद रस्ता, भरधांव मोटारी आणि समोर दिसूनहि न गांठतां येणारी इमारत, अशी स्थिति होते. आमची तशीच झाली. खालीं भिंतीवर कोणतें दार कोणत्या इमारतीकडे जातें याचा फलक होता. तेथें मिनिटभर उभें राहिलों असतों तर वरची सात-आठ मिनिटें वांचलीं असतीं. मुलाखतीस पोंचलों तेव्हां वेळ टळून बारा मिनिटें झालीं होतीं. मुलाचा चेहरा उतरला. बाप तर आमच्याकडे पाहीचना. परीक्षक मंडळी भली, त्यांनीं त्याचें नांव यादींत शेवटीं घेतलें. पुढें महिन्याभरानें शिष्यवृत्तीचें पत्र आलें, म्हणून हें सर्व आज हंसत लिहितां येतें.

तिकिटाची रीत शहरागणिक निराळी. मुंबईस आंत जातांना व बाहेर पडतांना दोन्ही वेळां दारापाशीं तें दाखवावें लागतें. बर्लिनमध्यें मात्र दारें नाहींतच. कोणीहि सरळ पलाटावर जाऊं शकतो. याचा अर्थ प्रवास फुकट असा नव्हे. कागदी तिकिटावर यंत्रांत छाप मारून घ्यावा लागतो, आणि साध्या वेषांतील तपासनीस केव्हां पुढें येईल याचा नेम नसतो. परका आहें ही सबब तेथें चालत नाहीं. लंडनच्या सरकत्या जिन्यावर उजव्या बाजूस उभें राहावें व डावी बाजू घाईच्या लोकांस मोकळी ठेवावी, एवढा शिष्टाचार पाळला तरी पुष्कळ झालें.

पालकांनीं मुलांस परगांवीं धाडण्यापूर्वीं एकदां नागपुरास न्यावें. तेथील मेट्रो जमिनीवरून व पुलावरून जाते, सूर्य दिसत असतो, म्हणून शिकावयास ती सर्वांत सोपी. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापतिनगर ते लोकमान्यनगर असे दोन मार्ग सीताबर्डीस एकमेकांस छेदतात. मुलास सीताबर्डीस गाडी बदलावयास सांगावें, आपण मागें राहावें, आणि तें चुकत असेल तरी एक स्थानकभर चुकूं द्यावें. पुण्यास शिवाजीनगर ते स्वारगेट हा भाग जमिनीखालीं आहे; तो सप्टेंबर २०२४ त स्वारगेटपर्यंत पुरा झाला. तेथें जाणाऱ्यास ही पूर्वतयारी उपयोगीं पडेल.

मुलाखत आटोपल्यावर आम्ही परत निघालों, तेव्हां आम्हीं मुलास पुढें घातलें. त्यानें दाराचा फलक वाचला, खालीं उतरून दोन्हीकडचीं नांवें पाहिलीं आणि एक गाडी जाऊं दिली. "ही आरेची, सर. आपली कफ परेडची." पुढची आली तींत आम्ही बसलों. मिठी नदीखालून गाडी धारावीस आली, तेव्हांपासून त्याचे वडील बोटांच्या पेरांवर स्थानकें मोजूं लागले. दादर झालें, वरळी झाली, गिरगांव झालें. काळबादेवीस ते उठून उभे राहिले, पिशवी खांद्यास लाविली आणि आम्हांस म्हणाले, "चाला गुरुजी, तेरावं येते आता."