शार्कची भीती आणि पाण्याखालचा श्वास

मे महिन्यात लालबाग-परळची माणसे कोकणात गावी जातात, ही गोष्ट जुनीच आहे. अलीकडे तिच्यात एका नव्या हौसेची भर पडली आहे. आजोबा गिरणीत साच्यावर होते. त्यांचा नातू मालवणला पोहोचला की आंबा-फणसाच्याही आधी समुद्राखाली बुडी मारण्याची चौकशी करतो. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडात श्वासाची नळी, डोळ्यांवर काच आणि पायांत रबरी पाती अशा थाटात पाण्याखाली जाण्याच्या या प्रकाराला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आणि तारकर्लीला ते चालते. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची त्याचे शिक्षण देणारी संस्थाही आहे. होडीत पाय ठेवता ठेवता नवखा माणूस हटकून एक प्रश्न विचारतो : "खाली शार्क असतो का हो?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. ज्याला भीती वाटते त्याला "भिऊ नकोस" असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला "भूक विसर" म्हणण्यासारखे आहे. कामगार संघटनेच्या कामात आम्ही एवढे पाहिले आहे की, भीती भाषणाने जात नाही. ती माहितीने, सरावाने आणि सोबतीने जाते. शार्कच्या भीतीलाही हाच क्रम लागू पडतो. म्हणून प्रथम माहिती.

शार्क हा शब्द आपल्याला परका आहे, पण तो मासा परका नाही. भाऊच्या धक्क्यावर आणि ससून गोदीत तो रोज उतरतो. आपल्या बाजारात त्याला मुशी म्हणतात, मालवणी माणूस मोरी म्हणतो आणि वाटपाची झणझणीत आमटी करून भाकरीबरोबर खातो. मुंबईच्या किनाऱ्याला जी लहान मुशी विपुल सापडते, तिचे शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन. तिची लांबी दोन-अडीच फुटांच्या आतबाहेर असते. पूर्वी प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या प्रयोगशाळेच्या टेबलावर हिचीच चिरफाड करून शिकल्या. तात्पर्य, ज्या प्राण्याला आपण ताटात आणि टेबलावर पुरते ओळखतो, त्यालाच पाण्यात ओळखण्याची मात्र आपल्याला सवय नाही.

शार्कच्या पाचशेहून अधिक जाती आहेत. त्यांचे पूर्वज चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात होते, म्हणजे डायनोसॉरांच्या कितीतरी आधी. त्यांच्या अंगात हाड नसते. सारा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या बाहेरच्या कानात असते तशा लवचिक द्रव्याचा असतो. नाकाडाजवळच्या सूक्ष्म छिद्रांनी त्यांना दुसऱ्या जिवाच्या अंगातील अतिक्षीण विजेचीही चाहूल लागते. या कुळातला सर्वांत प्रचंड प्राणी म्हणजे व्हेल शार्क. जगातील मत्स्यजातींत त्याच्याएवढा मोठा दुसरा नाही, आणि तो खातो काय, तर पाण्यातले बारीक जीव गाळून खातो! आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही तो येतो. गुजरातच्या किनाऱ्यावर त्याची फार शिकार होत असे. २००१ साली त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या पंक्तीला बसविण्यात आले.

मग ही एवढी भीती आली कोठून? तिचा मोठा भाग पडद्यावरून आला. १९७५ साली 'जॉज' हा अमेरिकन चित्रपट निघाला आणि जगभर पोहणाऱ्यांनी धास्ती घेतली. ज्याच्या कादंबरीवरून तो निघाला, त्या पीटर बेंचलेने पुढे शार्कच्या रक्षणासाठी काम केले. आता हिशेब पाहू. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या संग्रहालयात शार्कच्या हल्ल्यांची जगभरची नोंदवही ठेवली जाते. तिच्याप्रमाणे, माणसाने डिवचलेले नसता झालेले चावे साऱ्या जगात मिळून वर्षाला साठ-सत्तरच्या आसपास असतात आणि त्यांतून होणारे मृत्यू सरासरीने सहाच्या आसपास. त्यांतही लाटांवर फळी घेऊन खेळणारे आणि पृष्ठभागावर पोहणारेच अधिक. सिलिंडर लावून खाली गेलेले थोडे. उलट बाजूचा आकडा असा की, माणसे वर्षाला सुमारे दहा कोटी शार्क मारतात, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केला. परदेशात शार्कच्या परांचे सूप करतात, त्यासाठीही पुष्कळ मारले जातात. भारताने या परांची निर्यात २०१५ साली बंद केली. कोणी कोणाला भ्यावे, हे या हिशेबावरून आपणच ठरवावे.

तथापि शार्क म्हणजे गोगलगाय, असेही आम्ही सांगणार नाही. माणसावरचे बहुतेक गंभीर हल्ले तीन जातींच्या नावावर आहेत : ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल. यांतला बुल शार्क गोड्या पाण्यातही शिरतो. पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत फेब्रुवारी २०२४ मध्ये एका तरुणाच्या पायाला शार्कने भयंकर चावा घेतला. हे घडले, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. पण गढूळ खाडीत अवचित गाठ पडणे वेगळे आणि शिकविणाऱ्याच्या हाताशी, दिसेल अशा पाण्यात बुडी मारणे वेगळे. मालवणला नवखा माणूस ज्या उथळ जागी उतरतो, तेथे त्याला बहुधा शार्क दिसतच नाही. दिसतात ते खडकांभोवती फिरणारे चट्ट्यापट्ट्यांचे लहान मासे.

गिरगावकरांनी तर शार्कपेक्षा त्याच्या चुलतभावाची आठवण ठेवावी. पाकट, म्हणजे इंग्रजीतला स्टिंग रे, हाही कूर्चेच्या सांगाड्याचाच मासा. तो वाळूत अंग पुरून पडून राहतो आणि पाय पडला की शेपटीचा काटा मारतो. २०१३ च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर अनेकांना या काट्यांचा प्रसाद मिळाला. उपाय साधा आहे : पाण्यात पाय उचलून टाकू नये, वाळूतून घासत न्यावा. चाहूल लागताच पाकट आपण होऊन दूर जातो. काटा लागलाच, तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवावा आणि डॉक्टरांकडे जावे. प्राण्याचा स्वभाव कळला की भीतीची जागा सावधगिरी घेते, ती अशी.

आता मुख्य मुद्दा. पाण्याखाली शार्कपेक्षा शार्कची भीती अधिक घातक आहे, आणि याचे कारण श्वासात आहे. भ्यालेल्या माणसाचा श्वास उथळ आणि भरभर चालू लागतो. आतली दूषित हवा पुरती बाहेर पडत नाही, म्हणून जीव अधिकच गुदमरल्यासारखा होतो आणि सिलिंडर निम्म्या वेळात रिकामा होतो. त्यात काचेतून पाहताना पाण्यात प्रत्येक वस्तू जवळ आणि मोठी दिसते. तीन फुटांचा मासा चार फुटांचा भासतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो येथे भिंगातून दिसतो! मग माणूस श्वास रोखून सरळ वर धाव घेतो. घात होतो तो येथे. दहा मीटर खाली पाण्याचा व हवेचा मिळून दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. त्या दाबाची सहा लिटर हवा छातीत कोंडून माणूस पृष्ठभागावर आला, तर तिला बारा लिटरची जागा लागते. फुप्फुस ती देऊ शकत नाही, ते फाटते. म्हणून या विद्येचा पहिला नियम हा की, श्वास कधीही रोखू नये. आणि दुसरा हा की, वर यावयाचे ते सावकाश.

हा दुसरा नियम जगाला शिकविला तो मजुरांनी, आणि किंमत देऊन शिकविला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे पाये घालताना नदीच्या तळाशी दाबाच्या हवेने भरलेल्या पेट्यांत मजूर खोदकाम करीत. वर आल्यावर त्यांचे सांधे धरत, पाय लुळे पडत, काही मरतही. मे १८७२ मध्ये त्यांनी संप केला. त्याच साली मुख्य अभियंता रोबलिंग स्वतः याच रोगाने अंथरुणाला खिळला. दाबाखाली रक्तात मुरलेला नायट्रोजन दाब एकाएकी उतरला की बुडबुडे होऊन बाहेर पडतो. सोड्याची बाटली उघडल्यावर होते तसे. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली सावकाश वर येण्याची कोष्टके दिली. आजचा हौशी पाणबुड्या पाच मीटरवर तीन मिनिटे थांबतो, त्यामागे हा इतिहास आहे.

गिरणगावातही हेच होते. गिरणीत शिरलेला नवा कामगार गरगर फिरणाऱ्या पट्ट्याला भ्यायचा, आणि भ्यावे असाच तो पट्टा होता. पण कार्डिंग खात्यात कापसाची धूळ दर श्वासाबरोबर छातीत जाई, तिला कोणी भीत नसे. कारण तिला दात नव्हते. जे दिसते त्याला माणूस भितो आणि जे मारते ते पुष्कळदा दिसत नाही. कामगारांच्या सुरक्षेचा अर्धा इतिहास या एका वाक्यात मावतो.

माहितीनंतर सराव. पन्नाशी उलटल्यावर संघटनेतल्या तरुण मुलांबरोबर आम्हीही मालवणला हे शिक्षण घेतले. कंबरभर पाण्यात बसून पहिला धडा मिळाला तो नुसता श्वासाचा : तोंडाने घ्या, त्याहून सावकाश सोडा. मग काचेत मुद्दाम पाणी घेऊन ते नाकाने फुंकून बाहेर काढा; तोंडातली नळी सोडून द्या आणि पुन्हा शोधून धरा; दर हात-दोन हात खाली गेल्यावर नाक दाबून कानातला दाब सोडवा. दहा वेळा केले की अकराव्यांदा हात आपण होऊन चालतो. ज्याच्या हाताला काम ठाऊक आहे, त्याच्या मनाला भिण्यास फुरसत कमी. खाली गेल्यावर आमच्या ध्यानी आले की, शार्कचा विचार मागेच पडला होता. लक्ष सारे बुडबुड्यांच्या आवाजावर होते.

तिसरी गोष्ट सोबत. या विद्येत कोणी एकटा उतरत नाही. प्रत्येकाला जोडीदार असतो. उतरण्यापूर्वी त्याने आपला सिलिंडर पाहावयाचा आणि आपण त्याचा. माझी हवा संपली तर तुझ्या सिलिंडरला जोडलेली दुसरी नळी माझी, हा करार आधीच ठरलेला असतो. संघटना म्हणून आम्ही जे गेटवर सांगत आलो, ते समुद्राखाली खुणेच्या भाषेत चालते.

पुढे कोणी अधिक सराव करून दूरच्या पाण्यात गेला आणि खरोखरच शार्क दिसला, तर काय करावे? थांबावे, श्वास घ्यावा, विचार करावा, मग हालचाल करावी. हातपाय झाडू नयेत. जोडीदाराला लागून राहावे, तोंड शार्ककडे ठेवून त्याच्यावर नजर ठेवावी. त्याला खाऊ घालू नये, हात लावू नये, मारलेले मासे जवळ बाळगू नयेत. बहुधा तो एक फेरी मारून निघून जातो. तो रेंगाळलाच, तर खडकाच्या आधाराने सावकाश परत फिरावे.

शेवटी एक दुःखद गोष्ट सांगितली पाहिजे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोन जीव गेले. त्यात शार्कचा काही संबंध नव्हता. म्हणून "शार्क असतो का" हे जरूर विचारावे, पण त्याआधी दुसरे विचारावे. होडीत किती माणसे घेणार? प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट आहे काय, आणि ते अंगावर चढविल्याशिवाय होडी हलणार नाही ना? शिकविणाऱ्याजवळ परवाना आहे काय? एकाच्या हाती किती नवखे? प्रकृतीची चौकशी केली काय. दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे? समुद्र खवळला तर पैसे परत करून बुडी रद्द होईल काय? विमानाने परतणाऱ्याला अठरा तास थांबावयास कोणी सांगितले काय?

हे प्रश्न विचारताना संकोच वाटतो. मागे रांग असते, घरची मंडळी घाई करीत असतात. तरीही विचारावेत, आणि एकट्याने विचारण्यापेक्षा होडीतल्या सर्वांनी मिळून विचारावेत. त्याने आपल्या मुलांचा जीव सुरक्षित राहतो आणि होडीवर पोट असणाऱ्या मालवणच्या पोरांचाही. कारण तीही रोज त्याच होडीतून जातात.