त्या दिवशी तुम्ही कुठे होता?

आपल्या गावातल्या एखाद्या पंच्याऐंशी-नव्वदीच्या आजोबांना विचारून पाहा, "आजोबा, गांधीजी गेले त्या दिवशी तुम्ही कुठं होता?" काल कोण भेटून गेले हे त्यांना सांगता येणार नाही, पण या प्रश्नाचे उत्तर बहुधा चटकन येईल. कापूस वेचायला आईबरोबर गेलो होतो, गुरुजींनी शाळा सोडून दिली, त्या रात्री घरात चूल पेटली नाही, असे काहीतरी ते सांगतील.

ती तारीख ३० जानेवारी १९४८, वार शुक्रवार. दिल्लीत बिर्ला भवनाच्या आवारात गांधीजी सायंप्रार्थनेला निघाले होते. पाच वाजून गेले होते. नथुराम गोडसे याने जवळून गोळ्या झाडल्या आणि त्यांचा अंत झाला. आपल्या आजोबांनी यातले काहीच पाहिले नव्हते. त्यांना आठवते ती घटना नव्हे, ती बातमी कानावर आली तो क्षण. असे का व्हावे?

हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांचा १८६५ साली खून झाला. त्यानंतर तीसहून अधिक वर्षांनी कोलग्रोव्ह नावाच्या अभ्यासकाने १७९ माणसांना विचारले, "बातमी ऐकली तेव्हा तुम्ही कुठे होता?" त्यांपैकी १२७ जणांनी जागा, वेळ, सांगणारा माणूस असा तपशील दिला. मोठा धक्का बसला की मन आजूबाजूच्या बारीकसारीक गोष्टीही धरून ठेवते. शिवाय अशी आठवण माणूस चारचौघांत वारंवार सांगतो, आणि सांगून सांगून ती पक्की होते.

पण पक्की म्हणजे खरीच, असे मात्र नव्हे बरं! १९८६ च्या जानेवारीत अमेरिकेचे 'चॅलेंजर' हे अंतराळयान उड्डाणानंतर लगेच नष्ट झाले. दुसऱ्याच दिवशी नायसर या मानसशास्त्रज्ञाने काही विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले की, बातमी कुठे व कशी कळली. अडीच-तीन वर्षांनी त्यांनाच पुन्हा विचारले. कित्येकांची उत्तरे पार बदलली होती, आणि तरीही ते ठामपणे बोलत होते. त्यांना स्वतःच्या अक्षरातला कागद दाखवला, तरी त्यांची आठवण हलेना! ते खोटे बोलत नव्हते. दर वेळी सांगताना आठवणीला थोडा नवा लेप बसतो, आणि तो आपला आपल्याला दिसत नाही, इतकेच.

आता आपल्या भागाकडे वळू. वाशिम जिल्हा झाला १९९८ साली. १९४८ साली वाशिम हे अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण होते. खेड्यापाड्यांत रेडिओ विरळा. नागपूरचे आकाशवाणी केंद्रदेखील त्या वर्षी जुलैत सुरू झाले. म्हणून "नेहरूंचे भाषण मी त्याच रात्री ऐकले" असे कोणी सांगितले तर ते अशक्य नाही. पण ध्वनिमुद्रित भाषण पुढे अनेकदा लागले, ते त्या रात्रीला जोडले गेले असेल, हेही संभवते. आणि "पेरणी चालली होती" असे कोणी म्हणाले, तर ती आठवण जानेवारीची नक्कीच नव्हे. पैनगंगेपलीकडे हिंगोलीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथली पोलीस कारवाई त्याच वर्षी सप्टेंबरात झाली. दोन्ही वेळची घबराट एकाच आठवणीत मिसळली असेल, तर नवल नाही.

काही गोष्टी मात्र विसरल्या जात नाहीत, तरी सांगितल्याही जात नाहीत. मारेकऱ्याची जात पाहून पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. ज्यांचा या खुनाशी काडीचाही संबंध नव्हता, असे लोक गाव सोडून गेले. व्यंकटेश माडगूळकरांनी 'वावटळ' या कादंबरीत हा विषय मांडला. पण पुष्कळ घरांत तो आजही निघत नाही. ज्याचे घर जळले तो गप्प, आणि ज्याने काडी लावली तोही गप्प. "आम्हांला फार दुःख झाले" ही आठवण गाव मोकळेपणी सांगते. त्या दुःखाच्या नावाखाली काय केले, ते सांगत नाही.

शब्दांचेही तसेच आहे. कोणी 'गांधीहत्या' म्हणतो, कोणी 'गांधीवध'. कंसाचा वध, कीचकाचा वध असे आपण म्हणतो. वध दुष्टाचा होतो. पुष्कळजण हा शब्द सवयीने वापरतात, त्यांच्या मनात काही नसते. पण शब्द आपला निवाडा बरोबर घेऊनच येतो. मुलांसमोर बोलताना एवढे भान ठेवायला हवे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. दर ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता आपण दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतो. त्या आठवड्यात मुलांना एखाद्या वृद्धाकडे धाडा. आधी नुसते ऐकू द्या. मध्येच चूक काढू नका. सांगणाऱ्याच्या बोलीत, जसेच्या तसे लिहून घ्या. मग वर्गात ताडून पाहा: शेतात कोणते काम होते, बातमी कोणत्या वाटेने आली, स्वतः पाहिले किती, मागाहून ऐकले किती. आणि शेवटी एक प्रश्न विचारायला सांगा, "त्यानंतर गावात काय झालं?" उत्तर आले नाही, तर वहीत तसेच लिहा. तो नकारही उद्या कोणाला काही सांगेल.

हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. तेव्हा दहा वर्षांचे असलेले फार थोडे लोक आता आपल्यात आहेत. पुस्तकात तारीख राहील, मारेकऱ्याचे नाव राहील. पण आपल्या गावाने ती बातमी ऐकून काय केले, कोणाला धीर दिला, कोणावर हात उचलला, हे फक्त त्यांनाच ठाऊक आहे.