पळणाऱ्याचा पाय दुखावला तर इलाज कुठे करावा?

पोलीस भरतीची चाहूल लागली की मालवणच्या किनाऱ्यावर पहाटे मुलांची गर्दी होते. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि थोड्याशा सेकंदांनी गुण जातात. आमचा पुतण्याही या गर्दीत होता. पहाटे चिवला किनाऱ्यावर धावायचा आणि दिवसा आमच्या कापडाच्या दुकानात बसायचा. चार महिने झाले नसतील, त्याची नडगी दुखू लागली. कापडाचे ठाण माळ्यावर चढवताना तो ओठ चावू लागला, तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आले.

पुढे आम्ही जे केले ते आपल्या बहुतेक घरांत होते तेच. जवळच्या गावातील एका हाडवैद्याकडे नेले. त्याने तेल लावून नडगी रगडली, पट्टी बांधली आणि आठ दिवसांनी पळायला सांगितले. नवव्या दिवशी मुलगा लंगडत घरी आला. हाडवैद्याला तरी दोष काय द्यावा? हाड आतून थकले आहे हे त्याला वरून कसे कळावे! मग एका दवाखान्यात एक्स-रे काढला, तो साफ आला. आम्ही खूष झालो आणि तिथेच फसलो. सतत धावून हाडाला केसासारखी चीर पडली असेल तर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा काहीच दिसत नाही. एमआरआयमध्ये ती लवकर दिसते. ही गोष्ट आम्हाला फार उशिरा समजली.

समजावून सांगितले ते कुडाळच्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी. आम्ही गिऱ्हाइकाची उधारी विचारावी तसा त्यांनी मुलाकडून एकेक हिशोब मागितला. आठवड्याला किती पळतोस? किती दिवसांत वाढवलेस? रेतीवर की डांबरावर? बूट की अनवाणी? तेव्हा उलगडा झाला. मुलगा रेतीवरून एकदम डांबरी रस्त्यावर गेला होता आणि पळणेही एकदम दुप्पट केले होते. किनाऱ्याचीही एक गंमत आहे. पाण्याजवळची ओली रेती घट्ट असते, पण उतरती. रोज एकाच दिशेने पळाले तर एका पायावर भार जास्त पडतो. कोरड्या रेतीत पोटऱ्या आणि टाचेची शीर ओढली जाते.

मग त्यांनी एका बोटाने नडगी दाबत नेली. आतल्या कडेने लांबवर दुखत असेल तर बहुधा स्नायूंच्या ओढीची सूज असते. पळणे कमी केले आणि व्यायाम केले की ती उतरते. मात्र एकाच बिंदूवर कळ येत असेल, रात्री पडल्या जागीही ठणकत असेल, तर चिरेचा संशय घ्यावा. आमच्या मुलाची कळ एकाच बिंदूवर होती. मॅडमनी मशीनचा शेक न देता त्याला अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवले. एमआरआय झाला, चीर निघाली. आठ आठवडे धावणे बंद.

"चाचा, म्हणजे ही भरती गेली," एवढेच तो बोलला. वयाच्या अटीत त्याला अजून एकच संधी होती.

आपल्या जिल्ह्यात इलाज कुठे, असे आता लोक आम्हालाच विचारतात. आधी मालवणचे ग्रामीण रुग्णालय आहे. ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, आणि तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१-२२ मध्ये सुरू झाले. मोठ्या कामासाठी सिंधुदुर्गातले लोक पूर्वीपासून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजची वाट धरतात. मुंबईत नातेवाईक असतील तर हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, १९५५ सालची. दर्ग्याला जाणारे आपले कितीतरी लोक तिच्या जवळून जातात, पण आत कशाचा इलाज होतो हे फार थोड्यांना माहीत असते.

खासगी फिजिओथेरपिस्ट निवडताना माल पारखतो तशी पारख करावी. पदवी कोणती आणि राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक काय, हे विचारायला लाजू नये. पाय न तपासता, पळण्याचा हिशोब न विचारता पहिल्याच दिवशी मशीन लावणारा आणि दहा बैठकांचे पैसे आगाऊ मागणारा असेल तर उठून यावे. घरी करायचे व्यायाम लिहून देणारा बरा, त्याने एसटीच्या फेऱ्या वाचतात. मुलींसाठी महिला फिजिओथेरपिस्ट हवी असेल तर आधी फोन करून विचारावे. या शाखेत मुली पुष्कळ आहेत. मात्र पायावर भारच टाकता येत नसेल, किंवा पोटरी सुजून गरम लागत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे आणि मालीश मुळीच करू नये.

मॅडमनी जाता जाता आमचीही टाच पाहिली. सकाळी पहिली दोन-चार पावले टाकताना ती दुखते, मग मोकळी होते. पळणाऱ्यांना होणारा हा आजार दिवसभर कडक फरशीवर उभे राहणाऱ्यांनाही होतो. आम्ही तीस वर्षे काउंटरमागे पातळ चपलेवर उभे आहोत! जाड तळाची पादत्राणे आणि भिंतीला हात टेकून पोटरी ताणण्याचा व्यायाम त्यांनी सांगितला. दुपारी गिऱ्हाईक नसले की आम्ही तो करतो. शेजारचे दर्जी आधी हसले, आता तेही करतात.

पुतण्या आठ आठवडे दुकानात बसून हिशोब लिहीत होता. नवव्या आठवड्यात एक मिनिट पळणे आणि दोन मिनिटे चालणे असे सुरू केले. सध्या एक दिवसाआड पळतो, परतीला दिशा बदलतो आणि किती पळाला ते आमच्या जुन्या उधारीच्या वहीत मागच्या पानांवर टिपतो. पुढच्या भरतीचा अर्ज त्याला भरायचा आहे.